पोलीस चीफना शाल-श्रीफळ द्या, पण कॅमेऱ्याचंही विचारा

प्रति,
अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारिणी सदस्य,
उत्तर अमेरिकेतली सर्व महाराष्ट्र मंडळं

सप्रेम नमस्कार,

सप्टेंबर 2023 मधली ती क्लिप तुमच्या सगळ्यांच्या फोनवर आली असेल. सिॲटलचा पोलीस अधिकारी डॅनियल ऑडरर गाडीत बसून फोनवर बोलतोय. पलीकडे पोलीस युनियनचा अध्यक्ष आहे, पण त्याचा आवाज येत नाही. ऑडररचा येतो, त्याचं हसणंही येतं. विषय जान्हवी कंदुलाचा. आंध्रातल्या अदोनीहून मास्टर्स करायला आलेली 23 वर्षांची मुलगी. 23 जानेवारीला डेक्स्टर ॲव्हेन्यूवर, क्रॉसवॉकवरून रस्ता ओलांडताना पोलिसांच्या गाडीने तिला उडवलं. रस्त्याची मर्यादा ताशी 25 मैल, गाडीचा वेग 74. आणि हा गृहस्थ म्हणतो, अकरा हजारांचा चेक फाडा, झालं. 26 वर्षांची तर होती, तिची किंमत ती किती! वयसुद्धा धड माहीत नाही.

आपण सगळे खवळलो, आणि खवळायलाच हवं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय वकिलातीने कडक शब्दांत चौकशीची मागणी केली. पुढे जुलै 2024 मध्ये ऑडररला नोकरीवरून काढलं. आपण वकिलांच्या हिशेबी भाषेची नक्कल करत होतो, असा त्याचा बचाव होता. तो खात्याने ऐकला आणि बाजूला ठेवला. गाडी चालवणारा केव्हिन डेव्ह मात्र जानेवारी 2025 पर्यंत नोकरीत होता. सरकारी वकिलांनी त्याच्यावर फौजदारी गुन्हा लावला नाही.

त्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. बंद गाडीत, खासगी फोनवर बोललेलं ते वाक्य आपल्यापर्यंत पोचलं कसं? ऑडररच्या छातीवरचा कॅमेरा चालूच राहिला होता. खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने रोजच्या कामात ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि गप्प न बसता वर कळवलं. एक विसरलेलं बटण आणि एक जागा माणूस, एवढ्यावर ते सगळं प्रकरण उभं होतं.

त्याच्याही मागे जाऊ. सिॲटलच्या पोलिसांच्या छातीवर कॅमेरा आला कधी? 18 जून 2017 ला शार्लीना लाइल्स नावाच्या तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईने घरात चोरी झाल्याची तक्रार करायला स्वतःच पोलिसांना फोन केला. दोन पोलीस आले. तिच्या हातात सुरी होती, असं त्यांचं म्हणणं. मुलं घरात असताना, तिच्याच अपार्टमेंटमध्ये तिला गोळ्या घालून मारलं. ती गरोदर होती. बॉडी कॅमेरा दोघांकडेही नव्हता. कॅमेऱ्यांचा विषय सिॲटलमध्ये कित्येक वर्षं चर्चेत आणि वाटाघाटीत अडकून पडला होता. लाइल्सच्या नातेवाइकांनी आणि शहरातल्या कृष्णवर्णीय संघटनांनी रस्त्यावर येऊन आवाज उठवला. महिनाभरात महापौरांनी हुकूम काढला की पोलिसांनी कॅमेरे लावावेत.

म्हणजे आपल्या मुलीच्या बाजूने जो कॅमेरा बोलला, तो तिथे आला होता दुसऱ्या कुणाची मुलगी गेल्यावर. 2017 च्या त्या उन्हाळ्यात आपल्या एकाही ग्रुपवर शार्लीना लाइल्सचं नाव वाचल्याचं मला आठवत नाही. स्नेहसंमेलनाची पार्किंगची व्यवस्था मात्र तपशीलवार आठवते.

हे पत्र वर्गणीसाठी नाही. मोर्च्याला चला, असंही मी म्हणत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांची धाकधूक मला ठाऊक आहे. माझं मागणं तुमच्या हातातलं आहे, आणि ते मंडळाच्या सगळ्यांत मोठ्या कार्यक्रमाशी बांधलेलं आहे.

दरवर्षी गणपतीला आपण गावच्या पोलीस चीफना बोलावतो. ते युनिफॉर्ममध्ये येतात. ढोल-ताशा पथकातल्या पोरी त्यांच्यासोबत फोटो काढतात. मंचावर शाल, श्रीफळ, फेटा. फेटा बांधणारे काका त्यांना खुर्चीवर बसवतात, कारण ते आपल्यापेक्षा हातभर उंच असतात. मग ते 'नमस्कार' म्हणतात, टाळ्या पडतात, पार्किंगच्या बंदोबस्ताबद्दल आपण त्यांचे आभार मानतो. चीफ बहुतेक वेळा खरंच भले असतात. मोदकही दोन-दोन खातात. पण शहरातल्या इतर लोकांना ज्या माणसाची पाच मिनिटं मिळायला महिने लागतात, तो माणूस आपल्या ग्रीन रूममध्ये अर्धा तास चहा पीत बसलेला असतो, आणि आपण त्याला विचारतो की जेवण फार तिखट नाही ना.

"आपल्याला काय त्याचं? ते त्यांचं भांडण आहे." हे वाक्य माझ्या कानावर इतक्यांदा आलंय की त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते.

6 फेब्रुवारी 2015. अलाबामातलं मॅडिसन. गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले 57 वर्षांचे सुरेशभाई पटेल सकाळी मुलाच्या घराजवळ फूटपाथवर चालत होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक बारकासा काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. पोलीस आले. पटेलांना इंग्रजी येत नव्हतं. 'नो इंग्लिश', 'इंडिया', एवढंच ते सांगत राहिले. एरिक पार्कर नावाच्या पोलिसाने त्यांचे हात मागे धरून त्यांना तोंडावर जमिनीवर आपटलं. मानेच्या मणक्याला इजा झाली, अंग लुळं पडलं. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात होतं की त्या माणसाने हिसका देऊन सुटायचा प्रयत्न केला. आठवड्याच्या आत पोलिसांच्याच गाडीवरच्या डॅशकॅमचं चित्रण बाहेर आलं, आणि जे घडलं ते जगाने पाहिलं. पार्करवर खटला चालला. दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला सोडलं, हेही सांगायला हवं. कॅमेरा दाखवतो, न्याय करत नाही.

आता तुमच्या सबडिव्हिजनमधली सकाळ डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात आलेले आई-बाबा, पांढरे स्पोर्ट्स शूज, बाबांची कानटोपी, हात मागे बांधून दुसऱ्यांच्या लॉनकडे कौतुकाने बघत चालणं. फोन करणाऱ्या शेजाऱ्याला पटेल गुजराती आहेत की जॉर्जियाचे, हे कुठे कळलं होतं? त्याला एक रंग दिसला. आपण आपल्या मनात कृष्णवर्णीयांपासून जे अंतर राखून ठेवलंय, ते त्या फोनवरच्या बाईला किंवा बाप्याला दिसत नाही.

आणि आपण इथे आलो कसे? 1965 च्या आधी भारतातून वर्षाला फक्त शंभर माणसांना इथे कायमचं येता यायचं. 7 मार्च 1965 ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं. टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं आणि त्या रात्री चालू सिनेमा थांबवून देशाला दाखवलं. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. ऑक्टोबरमध्ये, त्याच काँग्रेसने, त्याच वातावरणात, देशावार वंशाधारित कोटा मोडीत काढणारा इमिग्रेशनचा कायदा केला. आपले डॉक्टर आणि इंजिनियर विमानात बसले ते त्यानंतर. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना हे नातं दिसलं होतं. आपल्याला एडिसनमध्ये आणि नेपरव्हिलमध्ये बसून दिसू नये?

आता कॅमेऱ्याकडे येते. "आता सगळीकडे बॉडी कॅमेरे आहेत, प्रश्न सुटला" असं वाटणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. माझ्या न्यू जर्सीत तर 2021 पासून गस्तीवरच्या पोलिसांना कॅमेरा कायद्यानेच सक्तीचा आहे. पण कॅमेरा असणं आणि कॅमेऱ्याचा उपयोग होणं, या दोन गोष्टींमध्ये काय काय घडू शकतं ते पाहायचं तर मिनिआपोलिसकडे पाहावं.

मिनिआपोलिसच्या पोलिसांना 2016 पासूनच कॅमेरे होते. जुलै 2017 मध्ये जस्टिन डेमंड या गोऱ्या ऑस्ट्रेलियन बाईने घरामागच्या गल्लीत कुणावर तरी अत्याचार होतोय असं वाटून पोलिसांना बोलावलं, आणि आलेल्या पोलिसानेच तिला गोळी घातली. गाडीत पोलीस दोघे, कॅमेरे दोघांकडे, आणि दोन्ही बंद. कुठल्या कॉलला कॅमेरा चालू करायचा हे बरंचसं पोलिसाच्या मर्जीवर होतं. त्यानंतर नियम कडक झाला.

मग 25 मे 2020. अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूचा कोपरा. वीस डॉलरची खोटी नोट चालवल्याचा संशय. डेरेक शोव्हिन या पोलिसाचा गुडघा जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. पण त्या ठिकाणी कॅमेऱ्यांचं काय चाललं होतं ते फारसं बोललं जात नाही. शोव्हिनचा स्वतःचा कॅमेरा झटापटीत निसटून गाडीखाली पडला. सोबतच्या थॉमस लेन या पोलिसाच्या कॅमेऱ्याने लेनचाच प्रश्न टिपला, की याला कुशीवर वळवायचं का? आणि शोव्हिनचा नकारही. तिथल्याच टू थाओ या पोलिसाचा कॅमेरा पूर्ण वेळ गर्दीकडे होता, कारण थाओ फ्लॉइडकडे पाठ करून गर्दी थोपवत उभा होता. त्याच्या कॅमेऱ्यात फ्लॉइड जवळजवळ नाहीच. त्यात आहेत ते ओरडणारे, विनवणारे लोक. त्यातच सुट्टीवर असलेली अग्निशमन दलाची एक बाई, नाडी तपासा म्हणून कळवळून सांगणारी. छातीवरचा कॅमेरा पोलिसाला दाखवत नाही, पोलिसाच्या समोर कोण आहे ते दाखवतो. ही त्याची जन्मजात मर्यादा. थाओ हमाँग समाजाचा, आशियाई स्थलांतरितांच्या घरातला. पाठ करून उभं राहण्याची ती त्याची जागा आपल्या अगदीच अनोळखी आहे, असं मला म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोलीस खात्याने पत्रक काढलं. मथळा साधारण असा, की पोलिसांशी संबंध आला असता वैद्यकीय प्रसंग उद्भवून इसमाचा मृत्यू. गुडघ्याचा उल्लेख नाही. मात्र बॉडी कॅमेरे चालू होते, हे त्या पत्रकात आवर्जून लिहिलेलं होतं! म्हणजे पुरावा खात्याच्या कपाटात होता आणि त्याच खात्याने हे पत्रक लिहिलं. ते खोटं पडलं ते डार्नेला फ्रेझियर या सतरा वर्षांच्या मुलीमुळे. नात्यातल्या एका धाकट्या बहिणीला घेऊन ती दुकानात खाऊ घ्यायला निघाली होती. तिने फोन वर धरला तो खाली केला नाही, आणि रात्री ते फेसबुकवर टाकलं. पोलिसांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण? जुलैमध्ये ते कोर्टात दाखल झालं तेव्हा पत्रकारांना वेळ ठरवून, कोर्टात जाऊन, फक्त बघायची परवानगी होती. कॉपी नाही. ऑगस्टमध्ये ते फुटलं आणि एका ब्रिटिश वृत्तपत्राने छापलं, तेव्हा कुठे लोकांनी पाहिलं. फ्रेझियर त्या दिवशी घरी बसली असती तर ते पत्रकच इतिहास ठरलं असतं.

शिकागोचा हिशेब तर याहून वाईट. ऑक्टोबर 2014 मध्ये सतरा वर्षांच्या लक्वान मॅक्डोनाल्डला सोळा गोळ्या घातल्या. तो पोलिसांच्या अंगावर धावून आला, असं सांगण्यात आलं. डॅशकॅममध्ये तो दूर जाताना दिसत होता. ते चित्रण तेरा महिने दाबून ठेवलं गेलं. मधल्या काळात महापौरांची निवडणूक होऊन गेली आणि शहराने कुटुंबाला 50 लाख डॉलर देऊन टाकले. कोर्टाचा आदेश आला तेव्हा, नोव्हेंबर 2015 मध्ये, ते बाहेर आलं. गोळ्या घालणारा जेसन व्हॅन डाइक 2018 मध्ये दोषी ठरला.

पण कॅमेरा नुसता बळी गेलेल्यांचाच साक्षीदार असतो असं नाही. मिनिआपोलिसमध्येच, फ्लॉइड गेल्यानंतरच्या शनिवारी रात्री, पोलीस विनाखुणेच्या व्हॅनमधून फिरत रस्त्यावरच्या लोकांवर रबरी गोळ्या झाडत होते. जलील स्टॉलिंग्ज हा माजी सैनिक पार्किंग लॉटमध्ये उभा होता. त्याला गोळी लागली, हल्लेखोर कोण ते कळेना, त्याने परवान्याच्या बंदुकीतून उलट गोळ्या झाडल्या. कुणाला लागल्या नाहीत. समोर पोलीस आहेत हे कळताच तो बंदूक टाकून पालथा पडला. तरी त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवलं आणि वर पोलिसांच्या खुनाच्या प्रयत्नाचा खटला भरला. त्याने तडजोड नाकारली, आणि ज्युरीने बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण पाहून त्याला निर्दोष सोडलं. पोलिसांनी लेखी जबाबात दिलेलं वर्णन आणि त्यांच्याच छातीवरचं चित्र यांचा मेळ बसत नव्हता. शहराने त्याला 15 लाख डॉलर दिले. तो तुरुंगात गेला असता तर "दंगलखोर होता" म्हणून आपण पुढचा मेसेज वाचायला घेतला असता.

त्याच आठवड्यात एका बांगलादेशी माणसाचं रेस्टॉरंट जळलं. त्याचं नाव होतं 'गांधी महल'. आपल्या ग्रुपांवर जळालेल्या दुकानांचे फोटो भराभर फिरत होते, त्यात हेही असणार. त्याचा मालक मात्र म्हणाला होता की माझी इमारत जळू दे, न्याय झाला पाहिजे. इमारत पुन्हा बांधता येईल, माणूस परत आणता येणार नाही. चाळीस वर्षं पै-पै जमवणाऱ्या समाजातली मी बाई; दुकान जळताना असं म्हणायला काय लागतं ते मला कळतं. मला जमलं असतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आता आकडेवारीचा आग्रह धरणाऱ्या मंडळींसाठी. कॅलिफोर्नियातल्या रियाल्टो या छोट्या गावात 2012-13 मध्ये प्रयोग झाला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी 88 टक्क्यांनी घटल्या, बळाचा वापर जवळपास निम्म्याहून खाली आला. त्यावर सगळा देश हुरळला. मिसुरीतल्या फर्ग्युसनमध्ये पोलिसाने एका कृष्णवर्णीय तरुणाला मारल्यावर झालेल्या आंदोलनानंतर ओबामांनी डिसेंबर 2014 मध्ये 50,000 कॅमेऱ्यांसाठी तीन वर्षांत साडेसात कोटी डॉलर मागितले. मग वॉशिंग्टन डीसीत दोन हजारांवर पोलिसांवर मोठी पाहणी झाली. निम्म्यांना कॅमेरा, निम्म्यांना नाही. 2017 मध्ये निष्कर्ष आला की फरक जवळपास शून्य. इंजिनियर मंडळींनी इथे थांबून "बघा, उपयोग नाही" म्हणू नये. उलट मला त्यातून एवढंच दिसतं की जादू यंत्रात नाही. कॅमेरा कुणी चालू करायचा, बंद करणाऱ्याचं काय होतं, चित्रण आधी कोण बघतं आणि लोकांना कधी दिसतं, सगळं यावर आहे.

आणि ते ठरतं कुठे? राज्याच्या कायद्यात आणि गावाच्या टाउन हॉलमध्ये. मिनेसोटात 2023 पासून कायदा आहे की पोलिसांच्या हातून कुणी मेलं तर कुटुंबाला मागणी केल्यापासून पाच दिवसांत आणि लोकांना चौदा दिवसांत चित्रण दाखवायचं. अपवाद करायचा तर लेखी कारण द्यायचं. कॅलिफोर्नियात साधारण 45 दिवस, शिकागोत 60. नॉर्थ कॅरोलायनात मात्र कोर्टाच्या आदेशाशिवाय चित्रण बाहेर येतच नाही. वॉशिंग्टनहून आता काही यायचं नाही. 2022 मध्ये बायडन यांनी फेडरल पोलिसांना कॅमेरे सक्तीचे करणारा आदेश काढला होता, तो 20 जानेवारी 2025 ला, ट्रम्प यांच्या पहिल्याच दिवशी रद्द झाला. मिनिआपोलिस आणि लुइव्हिलच्या पोलिसांवर देखरेखीचा जो करार व्हायचा होता, त्यातूनही न्याय खात्याने त्याच वर्षी मे महिन्यात अंग काढून घेतलं.

मी आमच्या टाउनशिपच्या एका बैठकीला गेले होते. कॅमेऱ्यांच्या कंत्राटाचं नूतनीकरण होतं. पाच वर्षांचा करार: कॅमेरे, चार्जिंगचे स्टँड, आणि कंपनीच्याच क्लाउडवर चित्रणाची साठवण. अजेंड्यावर ते झाडांची पानं उचलण्याच्या कंत्राटाच्या खालच्या ओळीत, एकत्र मंजूर करायच्या विषयांमध्ये होतं. खुर्च्या बहुतेक रिकाम्या. पहिल्या रांगेत चर्चमधल्या दोन वयस्क कृष्णवर्णीय बाया होत्या, मांडीवर फाईल. त्यांतली एक माइकपाशी गेली. चष्मा लावून तिने कराराच्या परिशिष्टातला एक परिच्छेद वाचला आणि विचारलं की, अहवाल लिहिण्याआधी पोलिसाला स्वतःचं चित्रण बघता येतं का? टाउनशिपच्या वकिलाने कागद चाळले आणि नंतर कळवतो म्हणाला. तिची तीन मिनिटं संपली. ठराव मंजूर. आमच्या गावात दर चौथ्या दारावर तोरण आहे. त्या खोलीत तोरणवाल्या घरातली मी एकटी होते.

तिने विचारलेला प्रश्न बारीक वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. आधी चित्रण बघून मग अहवाल लिहिला, तर अहवाल चित्राला शिवून घेता येतो. स्टॉलिंग्जच्या खटल्यात जबाब आणि चित्र यांचा मेळ बसला नाही म्हणून तर सत्य बाहेर आलं.

इलिनॉयमधली सोन्या मॅसीची केस बघा. जुलै 2024, स्प्रिंगफील्ड. बाहेर कुणीतरी घुटमळतंय अशी भीती वाटून तिने स्वतःच पोलिसांना बोलावलं. लाइल्सने बोलावलं होतं तसंच. स्वयंपाकघरात गॅसवर उकळत असलेल्या पाण्याच्या पातेल्यावरून बोलणं झालं आणि शॉन ग्रेसन या शेरीफच्या खात्यातल्या पोलिसाने, म्हणजे डेप्युटीने, तिला गोळी घातली. त्याचा स्वतःचा कॅमेरा गोळीबार होईपर्यंत चालू नव्हता. सोबतच्या दुसऱ्या डेप्युटीचा मात्र पहिल्यापासून चालू होता. सोळा दिवसांत चित्रण जाहीर झालं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ज्युरीने ग्रेसनला खुनासाठी दोषी ठरवलं. दोन कॅमेऱ्यांपैकी एक चालू होता म्हणून. तोही बंद असता तर? बटण दाबायला विसरणं ही चूक की गुन्हा, याचं उत्तर प्रत्येक गावच्या नियमावलीत वेगळं आहे, आणि आपल्या गावचं उत्तर आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

तेव्हा मागणं असं. या वर्षी चीफना बोलवा, शाल द्या, फेटा बांधा. त्यात काही कमी करू नका. पण आमंत्रणाच्या पत्रासोबत एक पान जोडा. कॅमेरा कधी बंद करायची मुभा आहे, आणि मुभा नसताना बंद ठेवला तर शिक्षा काय. गेल्या वर्षी अशी किती प्रकरणं आढळली. बळाचा वापर झाला तर पोलिसाला अहवालाआधी चित्रण बघता येतं का. कुटुंबाला किती दिवसांत दाखवता. मोर्च्याच्या बंदोबस्तात कॅमेरे चालू असतात का, आणि त्या चित्रणातले मोर्चेकऱ्यांचे चेहरे नंतर कशासाठी वापरता. शेवटचा प्रश्न पोरांनी मला सुचवला, आणि तो मोलाचा आहे. पोलिसावर नजर ठेवायला आणलेला कॅमेरा उलटा फिरून आंदोलकांची यादी करायला लागला तर आपणच पैसे भरून आपल्यामागे हेर लावल्यासारखं होईल. उत्तरं लेखी मागा आणि मंडळाच्या वार्तापत्रात छापा, उकडीच्या मोदकांच्या पाककृतीशेजारी छापली तरी चालेल.

चीफ दुखावतील, ही भीती मला कार्यकारिणीतल्या दोघातिघांनी आधीच बोलून दाखवली. मला नाही वाटत. चांगल्या चीफला हे प्रश्न आवडतात, कारण नियम नीट असले तर खोट्या तक्रारींपासून त्याची माणसंही वाचतात. ज्याला आवडणार नाहीत त्याच्याबद्दल आपल्याला वेळेत कळेल. आपली मुलं आता पोलिसात भरती होतायत, दोघांना मी लहानपणी बालवर्गात बाराखडी शिकवली आहे. छातीवरचा कॅमेरा उद्या त्यांच्याही छातीवर असणार आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या शोव्हिनला "याला कुशीवर वळवूया" म्हणायची वेळ त्यांच्यावरही येऊ शकते. तेव्हा नुसतं विचारून थांबू नये इतकं बळ त्यांना नियमांतून मिळायला हवं.

आणखी एक. चर्चमधल्या ज्या बायांचा मी उल्लेख केला, तशा बाया प्रत्येक गावात आहेत. वर्षानुवर्षं त्या एकट्या ही कागदपत्रं वाचत आल्या आहेत. त्यांना गणपतीला बोलवा. पहिल्या रांगेत बसवा. प्रायोजकांना जागा कमी पडली तर माझी खुर्ची घ्या.

प्रश्नांचा इंग्रजी मसुदा आणि सार्वजनिक नोंदी मागण्याचा नमुना अर्ज मी तयार करून ठेवला आहे. न्यू जर्सीसाठीचा पूर्ण आहे. टेक्सस, इलिनॉय आणि कॅलिफोर्नियाचे नियम वेगळे असल्यामुळे तिथल्या मंडळांनी आपापल्या वकील सभासदांकडून तपासून घ्यावेत. कार्यकारिणीची पुढची बैठक ठरली की कळवा, मी प्रती घेऊन येते. पंधरा मिनिटं पुरतील. विषय मात्र 'आयत्या वेळचे विषय' मध्ये टाकू नका, कारण तिथवर पोचेपर्यंत अर्धी मंडळी पार्किंगमध्ये असतात.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद,
न्यू जर्सी